कासव राज्याचं, दिवा पालिकेचा

मोक सोम माझी कोणी लागत नाही. आमच्या तेलुक मेंगकुआंग गावात वयाने मोठ्या प्रत्येक बाईला मोकच म्हणतात. पण तिच्या कामांपायी माझ्या व्हॅनने जेवढं डिझेल जाळलं, तेवढं माझ्या सासरच्यांपायीही जाळलं नसेल. मी शाळेच्या पोरांची ने-आण करतो. सकाळी पोरं सोडली की दुपारपर्यंत मोकळा, हे तिला पक्कं ठाऊक. मग ती व्हॅनच्या दारात उभी राहणार. "देरामान, जरा शहरात जाऊन येऊ." तिचं 'जरा' म्हणजे अख्खा दिवस.

किनाऱ्याच्या रस्त्याला तिची केरोपोकची टपरी आहे. माशाचा लगदा साबुदाण्याच्या पिठात मळायचा, हातभर लांब वळकट्या करायच्या, पातेल्यात उकडायच्या आणि गिऱ्हाईक आलं की कापून तळायच्या. पातेलं सासूच्या वेळचं, ॲल्युमिनियमचं, चांगलंच खोल. सासूशी तिचं एक दिवस पटलं नाही, पण पातेल्याला ती कोणाला हात लावू देत नाही.

तिच्या टपरीसमोरचा रस्ता क्वालालंपूरचा, म्हणजे केंद्राचा. रस्त्यापलीकडची वाळू आमच्या तेरेंगानू राज्याची. टपरीचा परवाना पालिकेचा. एवढ्याशा जागेत तीन सरकारं, आणि दिवेलागणीनंतर मिट्ट काळोख. गाड्या न थांबता निघून जायच्या. म्हणून मोक दिव्याच्या मागे लागली. पालिका म्हणाली, खांब रस्त्याच्या कडेला येणार, केंद्राच्या रस्तेखात्याला विचारा. रस्तेखातं म्हणालं, आमची ना नाही, पण पैसे कोण देणार? पैसे राज्याचा आमदार देणार होता, पण पालिकेने मागितले तर. अशा दोन वर्षांच्या फेऱ्यांनंतर एक खांब आला. दोन माणसांएवढा उंच, वर पांढरा काचेचा गोळा. आमदाराने कळ दाबली, मोकने हळदीचा भात करून गावाला वाढला. लोक त्याला 'मोक सोमचा दिवा' म्हणायला लागले आणि बाई महिनाभर जमिनीला पाय न लावता फिरली.

त्याच्या पुढच्या वर्षी कासव आलं.

हे नीट सांगायला हवं. मोकचा बाप हा किनारा राज्याकडून लिलावात घ्यायचा, कासवाच्या अंड्यांसाठी. तेव्हा ते सरळ चालायचं. मोकच्या लग्नातल्या बांगड्या अंड्यांच्या पैशांतल्या. पुढे कासवं येईनाशी झाली, राज्याने अंडी विकायला बंदी घातली. "आम्हीच खाऊन संपवली रे," असं ती हसत म्हणायची. मला ते हसू कधी खरं वाटलं नाही.

तर इतक्या वर्षांनी एक मादी टपरीच्या अगदी समोर वाळूत चढली, खड्डा केला, अंडी घातली आणि परत गेली. पंधरवड्याने पुन्हा आली आणि थोडं बाजूला दुसरं घरटं केलं. मोक त्या दिवसापासून बदललीच. गिऱ्हाईक तेलाच्या कढईसमोर ताटकळत, आणि ही लुंगी खोचून वाळूत कुत्री हाकतेय. राज्याच्या कासवखात्याच्या निक फरीदाबाई आल्या, दोन्ही घरट्यांना बांबूचं विरळ कुंपण घालून गेल्या. चांगली बाई, तळमळीची.

पहिलं घरटं फुटलं ते कोणाला कळलंच नाही. पिल्लं वाळूतून निघतात ती उजेडाकडे धावतात. पूर्वी उजेड समुद्रावरच असायचा. आता मोक सोमचा दिवा होता. पहाटे मी व्हॅन काढली तेव्हा मोक रस्त्यात बसलेली. मला वाटलं पडली. जवळ गेलो तर तिच्या हातात केरोपोकची टोपली, आणि ती डांबरावरून काहीतरी हळूच सोडवून टोपलीत ठेवत होती. रात्रभर मासळीचे ट्रक गेले होते.

"दिवा मी मागितला होता, देरामान," एवढंच म्हणाली.

दुसरं घरटं फुटायला पंधरवडा होता. तेवढ्यात दिवा रात्रीपुरता बंद व्हायला हवा होता. एक बटण. मी म्हटलं, चल, मोक, हे काय कठीण आहे? माझ्याइतका मूर्ख मीच.

पालिकेत तार्मिझीसाहेब भेटले. बारीक चणीचे, चष्मा, बोलणं मऊ. "दिवा आमचाच आहे, मोक. पण केंद्राच्या रस्त्यावरचा उजेड मी माझ्या मर्जीने बंद केला आणि उद्या कोणी धडकलं, तर? रस्तेखात्याने म्हणू दे, मी लगेच करतो."

रस्तेखात्यातले लोगनाथनसाहेब दुसऱ्या राज्यातले, पेराकचे, आम्हाला आधी चहा पाजला. "मला काय अडचण? पण कासवं हा राज्याचा विषय आहे हो, घटनेतच लिहिलंय. मासे आमच्या केंद्राचे, कासवं त्यांची. राज्याने मागणी केली पाहिजे."

"म्हणजे समुद्रात असताना मासा तुमचा, आणि शेजारून पोहणारं कासव राज्याचं?" मोकने विचारलं.

"हो ना."

"आणि वाळू ओलांडून रस्त्यावर आलं की?"

लोगनाथनसाहेबांनी चहात साखर ढवळली. ती आधीच विरघळलेली होती.

राज्याच्या कचेरीत फरीदाबाईंना रडूच यायचं बाकी होतं. "मोक, अंडी कोणी चोरली तर मी त्याला कोर्टात उभं करीन. कासवाला कोणी त्रास दिला तरी करीन. पण दिवा पालिकेचा आहे, त्यावर माझा हुकूम चालत नाही. मी वर कळवलंय. तिघांची बैठक लावतायत."

"कधी?"

"पुढच्या महिन्यात."

"बाई, कासवाला त्रास देणाऱ्याला पकडता ना? मग त्या दिव्याला पकडा की!"

फरीदाबाई हसल्या नाहीत. मीही नाही.

गावात वेगळाच तमाशा. चहावाला जुसोह तिला ऐकू जाईल असं म्हणाला, "आधी उजेड पाहिजे म्हणून भंडावलं, आता काळोख पाहिजे. उद्या म्हणेल रस्ता उचला." त्याच्या दुकानाचा धंदाही त्या दिव्यावरच चालत होता, त्याचंही अगदी चूक नव्हतं. मोक वळली. "जुसोह, दिवा राहू दे रे बाबा. मी कुठे काढ म्हणते? थोडे दिवस डोळे मीट म्हणते."

"दिव्याला सांग."

"सांगते," मोक म्हणाली.

त्याच दिवशी दुपारी कुंपणातली वाळू बसली. मधोमध बशीएवढा खोलगट खळगा पडला. बापाबरोबर लहानपण वाळूत घालवलेल्या मोकला वेगळं कोणी सांगायला नको होतं. आज नाहीतर उद्या. ती टपरीत गेली, उकळतं पाणी ओतून दिलं आणि ते पातेलं डोक्यावर घेऊन बाहेर आली.

"शिडी काढ, देरामान."

"मोक, आणि उकडणार कशात?"

"छोट्या टोपात. थोडं उकडीन, थोडं विकीन. बघतोस काय, चढ!"

मी चढलो. पातेलं काचेच्या गोळ्यावर उपडं घातलं, कडीतून दोरी ओवून खांबाला करकचून बांधलं. दिवा लागायची वेळ झाली, दिवा लागलाही, पण आम्हाला तो दिसला नाही. माझ्या आठवणीतला काळोख परत आला. जुसोहच्या दुकानातून शिव्या ऐकू आल्या. त्या दिवशी काही झालं नाही, घरटं गप्प राहिलं.

पण कोणीतरी पालिकेला फोन केला. कोणी केला ते मला माहीत आहे, पण त्याची नातवंडं माझ्या व्हॅनमधून जातात. दुसऱ्या दिवशी सूर्य मावळता मावळता तार्मिझीसाहेब मोटरसायकलवरून एकटेच आले. खिशातून हुकूम काढला. सार्वजनिक खांबावर विनापरवाना वस्तू, त्वरित हटवणे.

"मोक, मला खरंच वाईट वाटतंय. पण हा विषय आमच्याच हद्दीतला आहे."

"वा! आता बरी हद्द सापडली," मी म्हटलं. मला राग आला होता. "दिवा बंद करायला तीन सरकारं लागतात आणि पातेलं काढायला एकटे तुम्ही पुरता?"

"शिडी कोणाची आहे?" त्यांनी खालच्या आवाजात विचारलं.

"माझी."

"जरा धरता का?"

मोक भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती कुंपणापाशी जाऊन उकिडवी बसली आणि पाठ फिरवली. साहेब चढले. अंधार पडला होता, दोरी सुटेना. अखेर सुटली आणि खाली माझ्या पायाशी पडली. त्यांनी पातेलं वीतभर उचललं. पांढरा उजेड पट्ट्यासारखा थेट वाळूवर पडला, आणि त्या पट्ट्यात आम्ही सगळ्यांनी पाहिलं. खळगा उकळत होता. काळी काळी पिल्लं एकमेकांच्या पाठीवरून वर येत होती, आणि पुढची चार-पाच समुद्राकडची तोंडं वळवून रस्त्याकडे निघाली.

"झाक!" मोक ओरडली. पालिकेच्या साहेबाला इतक्या जोरात एकेरीत कोणी बोललं नसेल. "झाक ते, मेल्या!"

पातेलं धाडकन पुन्हा गोळ्यावर बसलं.

दोरी खाली होती आणि वारा सुटला होता. मी शिडी सोडली असती तर साहेब पातेल्यासकट पडले असते. मोक रस्त्याच्या कडेला रांगत होती, चुकलेली पिल्लं चाचपून परत फिरवत होती. तेव्हा तार्मिझीसाहेबांनी दोन्ही हातांनी पातेलं कवटाळलं आणि खांबाला छाती टेकून उभे राहिले. चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आला, तो सावरायलाही हात मोकळा नव्हता.

वाळूवर नुसती खसखस ऐकू येत होती. आणि मोकचा आवाज, लेकीला सासरी धाडताना असतो तसा. "जा ग बायांनो, जा. पुढे समुद्र कोणाचा ते पुढे बघू. तुम्ही जा."

"गेली का?" वरून अधूनमधून विचारणा व्हायची.

"थांबा."

किती वेळ गेला कोण जाणे. माझे हात भरून आले होते, त्यांचे काय झाले असतील. शेवटी मोक उठली, गुडघ्यांची वाळू झटकली आणि डोक्यावरच्या ओढणीने तोंड पुसलं. मी दोरी वर फेकली. साहेबांनी काही न विचारता पातेलं पुन्हा बांधलं आणि उतरले. बोटं सरळ होत नव्हती. मोकने त्यांचे हात आपल्या हातांत घेऊन चोळले, गरम चहाचा पेला दिला. द्यायला केरोपोक नव्हते. छोट्या टोपातले केव्हाच संपले होते.

"मोक, आता अहवालात काय लिहू मी?" त्यांनी विचारलं.

"खरं तेच लिही, बाळा. पातेलं काढायला गेलो होतो, वेळ लागला. तुमच्याकडे लागतोच की."

ते पातेलं काढायला पालिकेला त्या वर्षी पार नोव्हेंबरातला पावसाळा उजाडला. आमच्याकडे कासवांचा हंगामही तेव्हाच संपतो.