पुलावरची अडवणूक

ईमेलवरच्या मैत्रिणींनो, आज निरवांगीजवळ कालव्याच्या अरुंद पुलावर उसाचे दोन ट्रॅक्टर समोरासमोर आले आणि आमची एसटी मागे अडकली.

"तात्या, तुमची ट्रॉली मोकळी हाय, घ्या की मागं!" आमच्या पुढचा ट्रॅक्टरवाला समोरच्याला ओरडला.

"आधी तू घे. मी न्हाय हलणार!"

"अक्कल कारखान्यात गाळून आलात का दोघं?" मी खिडकीतून सुनावलं.

शेजारी माझी लेक हसत होती. ती बंगलोरला प्रोग्राम लिहिते. दोन दिवसांसाठी आली होती. बारामतीला तिला पुण्याच्या गाडीत बसवायचं होतं.

"आई, प्रोग्राममध्येही हेच होतं. दोन कामं एकदम चालतात. दोघांनी एकेक कुलूप धरलेलं असतं आणि दुसऱ्याचं मिळेपर्यंत आपलं सोडत नाहीत. म्हणून आम्ही वेळेची मर्यादा घालतो. तेवढ्यात नाही मिळालं, तर हातातलं सोडायचं आणि मागं फिरायचं."

"मग घाल यांना मर्यादा!" मी म्हणाले खरी, पण बोलता बोलता तिनं माझा हात धरला होता, लहानपणी धरायची तसा.

तेवढ्यात तात्यांनी ट्रॅक्टर मागं घेतला. सगळी एसटी खूश झाली. मला मात्र त्या माणसाचा असा संताप आला! अजून थोडं अडून बसायला काय झालं होतं?

तिला गाडी मिळाली. तुम्ही कसा सोडता हो लेकीचा हात?