प्लाऊची पायरी

पबात लहान पोरं आणावीत की आणू नयेत, यावर आमच्या गावात दर रविवारी वाद होतो आणि दर रविवारी माझं डोकं फिरतं. कारण वाद घालणारे सगळे पोरांवर घसरतात. पोरांचं काय चुकलं? हा प्रश्न आमच्यात फक्त डोरीन हॅलिवेलला पडला.

डोरीन ही आमच्या 'प्लाऊ' पबची मालकीण. इंग्लंडच्या लँकाशर परगण्यातलं हे गिरण्यांचं गाव. गिरण्या बंद पडल्या, चर्चला कुलूप लागलं, पण प्लाऊ अजून उघडा आहे तो केवळ तिच्या जिवावर. वय सत्तरीला टेकलेलं, आवाज जाड, आणि कुणाचं ऐकून घ्यायची सवय नाही. शेकोटीजवळची खुर्ची माझी, त्यामुळे जे सांगतोय ते डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

तिचा बाप याच पबात प्यायचा. तेव्हा पोरांना आत घेत नसत. बाप आत ऊब घेत बसलेला आणि डोरीन बाहेर दगडी पायरीवर, हातात लेमोनेडची बाटली, मांडीवर चिप्सचं पाकीट. पाऊस असो नाहीतर बर्फ. चिप्स संपायच्या, बाप काही उठायचा नाही. आम्ही शाळेत जाणारी पोरं तिला चिडवायचो. पुढे पब तिच्याकडे आला, तेव्हा तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "माझ्या पायरीवर कुणाचंही पोर बसणार नाही. थंडी लागली की आत."

आणि पोरं आत आली. रविवारच्या दुपारी भाजलेल्या मांसाचं ताट खायला घरंच्या घरं येतात. सुरुवातीला आईबाप पोरांना शेजारी बसवायचे, बटाटे कुस्करून भरवायचे. हल्लीचे आईबाप निराळे. आत आले की पोराला मोकळं सोडायचं, ग्लास हातात घ्यायचा आणि डोळे फोनमध्ये. पोर टेबलाखालून रांगतं, शेकोटीची सळई ओढतं, बाण फेकायच्या डार्टच्या फळीसमोरून पळतं. कुणी काही बोललं की यांचं ठरलेलं उत्तर, "अहो, लहान आहे." लहान आहे म्हणूनच तर सांगतोय, बाबा.

"एक पाटी लाव गं, पोरांना मनाई म्हणून," आम्ही सगळे डोरीनच्या मागे लागलो होतो.

"लावते. आधी ती पायरी फोडून दाखवा," ती म्हणायची, आणि बियर ओतायला लागायची.

मग तो रविवार आला. क्लिफ हा आमचा जुना डार्टवाला. त्याचा जावई गॅविन आपल्या चार वर्षांच्या मेझीला घेऊन आला होता. क्लिफची मुलगी त्या दिवशी कामावर होती. गॅविन दाराजवळच्या टेबलावर दोस्तांबरोबर फुटबॉल बघत बसला. मेझी टेबलांमधून गोल गोल धावत होती. क्लिफने दोनदा हाक मारली. गॅविन म्हणाला, "खेळू द्या हो, पप्पा. तुम्हाला काय त्रास?"

डोरीन स्वयंपाकघरातून दोन ताटं आणि उकळत्या ग्रेव्हीचा जग घेऊन बाहेर आली आणि मेझी थेट तिच्या पायात आली. जग कलला. पुढे पोरीचं डोकं होतं. डोरीनने जग स्वतःकडे ओढला आणि सगळी ग्रेव्ही तिच्याच हातावर सांडली. ताटं फुटली. मेझी रडायला लागली.

गॅविन उठला, पोरीला कडेवर घेतलं आणि म्हणाला, "जरा बघून चालता येत नाही का? पोरगी घाबरली माझी."

खरं सांगतो, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच्या तोंडावर ग्लास रिकामा करायला मी उठलोच होतो. पण डोरीन आत गेली, नळाखाली हात धरून बराच वेळ उभी राहिली आणि ओला टॉवेल गुंडाळून परत आली.

"लाव पाटी," क्लिफ खाली मान घालून म्हणाला. "माझीच नात आहे, तरी मीच सांगतो."

डोरीनने पाटी लावली नाही. ती गॅविनसमोर जाऊन उभी राहिली. "तुला बंदी. जन्माची."

पबवाल्याने बंदी म्हटलं की विषय संपतो; कारण विचारायचं नसतं. पण गॅविनने विचारलं. "मला? मी काय केलं? धावली तर ती."

"चार वर्षांची पोर धावणारच. धरायला बाप होता ना? काय करत होता तो?" डोरीन म्हणाली. "तिला बंदी नाही. तिला आजोबा घेऊन येतील. तू चालता हो."

पुढच्या रविवारी क्लिफ मेझीला घेऊन आला. तिच्या फ्रॉकचा पट्टा मुठीत धरून तो बसला होता आणि ती दोन्ही हातांनी बटाटे खात होती. तिला घरी न्यायला गॅविन आला होता. बाहेर पाऊस होता. आत येता येईना, म्हणून तो जॅकेट डोक्यावर घेऊन पायरीवर बसला.

डोरीनने पट्टी बांधलेल्या हाताने दार उघडलं. लेमोनेडची बाटली आणि चिप्सचं पाकीट त्याच्या शेजारी ठेवलं.

"पोरगी जेवतेय, वेळ लागेल," ती म्हणाली. "चिप्स संपल्या तरी दार वाजवायचं नाही. मीही कधी वाजवलं नव्हतं."