शारजातून ओळखलेले कॅनडाचे पक्षी

आमच्या पक्षीवेड्या ग्रुपचे किस्से दाण्यांच्या टरफलांसारखे साठतात. कितीही झाडा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढेच!

आम्ही सगळे राहायला शारजातल्या अल मजाजला. बाल्कनीत येणार कबुतरं, नाहीतर साळुंक्या. पण परकारभाईंची शाहीन नोकरीसाठी कॅनडाच्या उत्तरेला, पार जंगलाच्या कडेला गेली आणि थंडीत अंगणातल्या फीडरवर येणाऱ्या फिंच पक्ष्यांचे फोटो ग्रुपवर टाकायला लागली. "हा कोण?" एवढंच विचारायची. गेली होती ती अब्बांच्या मनाविरुद्ध. तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद! ग्रुप मात्र दोघांनीही सोडला नव्हता.

* * *

एकदा तिनं तपकिरी, रेघारेघांचा पक्षी टाकला. आमचे आयटीवाले दामले उसळलेच. "रेअर आहे! नवीनच काहीतरी!" संध्याकाळभर ॲप धुंडाळलं. शेवटी परकारभाईंनी पुस्तक उघडून दाखवलं. नेहमीच्याच पर्पल फिंचची मादी!

दामलेवहिनी म्हणाल्या, "बाई दिसली की यांना नवीनच वाटते!"

* * *

लाल टोपीवाल्या रेडपोलना शाहीन कारळे घालते, हे कळल्यावर वहिनी चाट पडल्या.

"कारळे? आपण चटणी करतो ते? मग तिखट-मीठ कोण घालतं?"

आम्ही खो खो हसलो. परकारभाई हसले नाहीत.

"घरात चटणीचा डबा तसाच पडलाय," ते म्हणाले. "तिच्याशिवाय कोणी खात नाही."



* * *

उत्तरं बहुधा भाईच द्यायचे. पण लेकीला नाही, ग्रुपला!

"सर्व सदस्यांस कळावे, हा पाइन सिस्किन आहे. पंखावरची पिवळी रेघ पाहावी."

खाली आणखी एक ओळ: "फोटो काढणाऱ्या सदस्याने कानटोपी घालावी."

शाहीनचा रिप्लाय आला, "नोटेड."

दामले वैतागले. "खलास करा ना भाई हे! सरळ बोला तिच्याशी."

"आधी तिला अब्बा म्हणू दे," भाई म्हणाले. हट्टात दोघं सारखीच.

* * *

परवा आम्ही भाईंकडे चहाला बसलो होतो. ग्रुपवर शाहीनचा फोटो आला. बर्फात पिसं फुगवून बसलेली चिमणी! साधी, आपली घरातली चिमणी. आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्येसुद्धा असते ती. फोटो इतका स्वच्छ, की चोचीवरचा बर्फाचा कण दिसत होता.

खाली लिहिलं होतं, "अब्बा, हू इज धिस?"

दामले लगेच टाइप करायला लागले. वहिनींनी त्यांच्या हातातून मोबाइल काढून घेतला.

भाईंनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. मग एका बोटानं सावकाश लिहिलं:

"फोटो साफ नाही. फोन कर."