सुनंदाच्या बाटल्यांतलं पाणी जिथून यायचं

तिकिटं तीन होती. दोघं गेलो, मी आणि माझी मुलगी पल्लवी. सुनंदा, माझी बायको, हिवाळ्यात वारली.

रायपूरच्या एका प्रयोगशाळेत ती उत्तर ध्रुवाकडच्या समुद्राचं पाणी तपासायची. समुद्र तापतोय, त्यात गोडं पाणी वाढतंय. ते हिमनदीचं, नदीचं की वितळलेल्या समुद्रबर्फाचं, हे शोधायचं. प्रत्येक पाण्यातल्या ऑक्सिजनची जडणघडण वेगळी असते म्हणे. मी थट्टा केली की म्हणायची, "तुमाले चहातलं पाणी समजत नाही, हे काय समजन?" समुद्र मात्र तिनं बाटलीतच पाहिला होता.

रायपूर, दिल्ली, ऑस्लो आणि तिथून नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरचं लाँगइयरब्येन गाव. जाणाऱ्यांनी युरोपचा शेंगेन व्हिसा दोनदा प्रवेशाचा घ्यावा, कारण ही बेटं त्या व्हिसाबाहेर आहेत, परतताना पुन्हा प्रवेश लागतो. जेवण फार महाग. आम्ही चिवडा, ठेपले नेले होते. मुक्कामाच्या जागी बूट दारातच काढायचे, आपल्या घरासारखे. जुलैत सूर्य मावळत नाही. पल्लवीनं खिडकीला जाड पडदा ओढला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. आई गेल्यापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलायची, तेही हिंदीत.

दुसऱ्या दिवशी, सुनंदाच्या बाटल्यांतलं पाणी जिथून यायचं त्या खाडीत बोटीनं गेलो. मधेच निळं पाणी संपून मातकट पट्टा सुरू झाला. आमची वाटाड्या इंग्रिड म्हणाली, "हे हिमनदीचं पाणी. गोडं, म्हणून हलकं. वरच तरंगतं." मी हाताचं बोट पाण्यात बुडवून चाखलं. खारट होतं, पण कमी.

इंग्रिडनं जुना नकाशा उघडला. आमची बोट होती तिथं नकाशात बर्फाचा पांढरा रंग होता.

"आई म्हणे, इथं बर्फाची भिंत दिसन," पल्लवी मराठीत म्हणाली. "कुठं हाय, बाबा?"

मी हात करून दाखवलं. भिंत फार मागे, डोंगराच्या पोटात सरकली होती. तेवढ्यात तिकडून गडगडाट आला, बर्फाचा एक कडा कोसळला. पल्लवीनं माझ्या कोटात तोंड खुपसलं आणि हिवाळ्यापासून अडलेलं रडू तिथं मोकळं झालं. इंग्रिडनं बोटीचं इंजिन बंद केलं.

रायपूरला बूढापारा भागातल्या घरी परतलो त्याच आठवड्यात सुनंदाचे सहकारी साहू भैया आले. तिनं तपासलेल्या शेवटच्या पाण्याचा निकाल पक्का झाला होता. हिमनदीचा वाटा वाढला होता, अगदी तिचा अंदाज होता तसाच.

"तो अच्छा हुआ?" पल्लवीनं विचारलं.

"अच्छा तो नहीं है, बेटा."

"लेकिन मम्मी सही थी?"

"हव. एकदम सही."

ते गेल्यावर आम्ही दिवा न लावता बसून राहिलो. मग पल्लवी उठली. तिनं सवयीनं तिघांच्या भातासाठी तांदूळ काढले, ताटलीकडे पाहिलं आणि त्यातले मूठभर परत डब्यात टाकले.