बाबांची खाडीवरची सुरी

मित्रमैत्रिणींनो, सकाळपासून एक गोष्ट मनातून जात नाहीये, म्हणून लिहितेय.

बाबा निवृत्त झाल्यापासून कळव्याच्या खाडीवर गळ टाकायला जातात. आमिष कापायला त्यांची लाकडी मुठीची जुनी सुरी आहे. हल्ली त्यांचे हात थरथरतात. मागच्या आठवड्यात बोट खोलवर कापलं, तेव्हा मी ती सुरी माझ्या कपाटात लपवली.

आज त्यांनी विचारलं, "अगं, माझी सुरी कुठेय?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "धार लावायला दिलीय, बाबा."

"बरं केलंस. बोथटच झालेली."

थोड्या वेळाने खाली धारवाल्याची हाक आली. मी गॅस बंद करेपर्यंत बाबा जिना उतरलेही होते. गॅलरीतून मला सगळं ऐकू येत होतं.

"झाली का रे आमची सुरी?"

"कुठली सुरी, काका? मला कोणी दिली नाय."

"अरे, माझ्या मुलीने दिली ना! नीट बघ."

बिचाऱ्याने पिशवी उलटी करून दाखवली.

बाबा वर आले आणि चपला न काढताच खुर्चीत बसले. मला वाटलं, आता ओरडतील. पण हळूच म्हणाले, "तू तसं म्हणालीच नसशील गं. मीच सुरी कुठेतरी विसरलो असेन. हल्ली माझं असं होतं. तुझ्या भावाला सांगू नकोस."

मी त्यांच्या पायातल्या चपला काढून दाराशी ठेवल्या.

खरं सांगितलं, तर त्यांच्या हातात सुरी द्यायला मी घाबरते हे त्यांना कळेल. आणि गप्प राहिले, तर ते स्वतःच्याच डोक्याला घाबरत राहतील.

तुम्ही काय केलं असतं?