परवाना, पॉलिश पेपर आणि माझी बोटं

वकीलबाईंनी मला फोनवर एकच गोष्ट निरनिराळ्या प्रकारे सांगितली. प्रवासाचा परवाना हातात आहे, तेव्हा भारतात जाता येईल. पण परवाना म्हणजे परत आत घेण्याची हमी नव्हे. विमानतळावरच्या अधिकाऱ्याला शंका आली तर तो अडवू शकतो, आणि अडवलं तर नवऱ्याच्या नात्याने अमेरिकेत कायम राहण्यासाठी केलेला माझा अर्ज बोंबलला. निर्णय अर्थात तुमचा, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. वकीलबाई फार सभ्य आहेत.

माझा नवरा रोह्याचा. तो बऱ्याच वर्षांपूर्वी तिकडे गेला, तिथला नागरिक झाला आणि बायको शोधायला मात्र पेण तालुक्यात आला. साखरपुडा पेणला झाला आणि लग्न तिकडच्या एका कचेरीत, कारण माझा व्हिसाच होणारी बायको म्हणून होता. आधी तिथे जायचं, मग लग्न करायचं, मग अर्ज करायचा आणि मग वाट बघत बसायची, असा तो सगळा कारभार. माझ्या सासूबाईंनी पोराचं लग्न रोह्यात बसून मोबाईलवर पाहिलं. अक्षता त्यांनी स्क्रीनवर टाकल्या. हे लग्न त्यांना आजही अर्धंच वाटतं, आणि म्हणूनच तिथे कायम राहण्याच्या त्या कागदाची ओढ माझ्यापेक्षा त्यांना जास्त होती.

अर्ज तसा पडून असतानाच जोह्याहून फोन आला. माझ्या माहेरचा गणपतीचा कारखाना पेणजवळच्या जोह्यात आहे. बाबांनी मोतीबिंदू अंगावर काढला होता, शेवटी रेघ एकीकडे आणि ब्रश दुसरीकडे जायला लागला तेव्हा ऑपरेशन केलं. डॉक्टरांनी धुळीत आणि रंगात जायला सक्त मनाई केली होती. परदेशी जाणारा माल उन्हाळ्यातच निघतो, त्यामुळे मूर्ती घासायच्या आणि रंगवायच्या बाकी होत्या, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्यांचे डोळे आखायचे बाकी होते.

आमच्याकडे बाकी सगळं काम कारागीर करतात. डोळ्यांची आखणी मात्र दोघंच करायचे, बाबा आणि मी. गिऱ्हाईक आमच्या मूर्ती डोळ्यांसाठीच घेतं. शेजारच्या कारखान्यातला एक चांगला आखणीवाला अर्धा दिवस येऊन हातभार लावायला तयार होता. बाबांनी त्याला चहा पाजला आणि परत पाठवलं. मला म्हणाले, "उसना डोळा नको आपल्याला." येतेस का, असं विचारलं नाही. बाबांनी कधी कोणाला काही विचारलेलं मला आठवत नाही.

नवरा म्हणाला, "जा." आणि मग निघेपर्यंत माझ्या पर्समधले कागद काढून पुन्हा पुन्हा तपासत बसला. सासूबाईंनी मात्र फोनवर रान उठवलं. "कागूद येऊ दे आधी! मधेच अडकलीस तर माझा पोरगा तिकडं एकटा, तू जोह्यात. असं कुठं असतं? गणपती काय कुणासाठी थांबतात?"

"थांबलेत, आई," मी म्हटलं.

त्यावर त्या आणखीच चिडल्या.

कारखान्यात शिरले तेव्हा पांढऱ्याफटक मूर्ती ओळीने उभ्या होत्या आणि एकीलाही नजर नव्हती. बाबा काळा चष्मा लावून उंबऱ्याच्या बाहेर खुर्ची टाकून बसले होते. आत यायला बंदी, म्हणून तिथूनच कारागिरांवर ओरडणं चाललं होतं. मला म्हणाले, "आलीस व्हय? हात धू आणि बस." अमेरिकेहून आलेल्या लेकीचं स्वागत ते एवढंच, आणि खरं सांगायचं तर दुसरं काही झालं असतं तर मी घाबरले असते.

आमच्या कारखान्याचा एक नियम आहे. ज्याने डोळे आखायचे त्यानेच चेहरा घासायचा. पोट, सोंड, पाट, उंदीर कोणीही घासावं, पण भुवईपासून गालापर्यंतचा भाग आखणीवाल्याचा. पॉलिश पेपर बोटाला गुंडाळायचा आणि डोळ्याची खोबण हळूहळू गुळगुळीत करत न्यायची. शेवटी पेपर टाकून नुसतं बोट फिरवायचं, म्हणजे कुठे उंच, कुठे खोल, ते बोटाला पाठ होतं. मग ब्रश हातात घेतल्यावर विचार करावा लागत नाही. बाहेरचे लोक याला हट्ट म्हणतात. म्हणू देत. त्यांच्या मूर्ती समोर ठेवल्या की एक डोळा पेणकडे बघतो आणि एक अलिबागकडे.

पहिली मूर्ती आखायला मला नेहमीच्या दुप्पट वेळ लागला. तिकडे इतके दिवस हातात ब्रश नव्हता. मूर्ती उचलून मी बाहेर उन्हात बाबांच्या पुढ्यात नेऊन ठेवली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, डॉक्टरांनी चांगला असल्याची ग्वाही दिलेला डोळा बारीक केला आणि बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "ठेव तिकडं." तिकडं म्हणजे तयार मालाच्या रांगेत. मला असं वाटलं की मला कोणीतरी खांद्यावर उचलून गावभर मिरवलं.

मग मी बसले ती बसलेच. दिवसभर घासायचं, मूर्तींना अंगाचा रंग बसला की आखायचं, जेवायला उठायचं, परत बसायचं. मधल्या एका रविवारी पेणहून गाडीने रोह्याला जाऊन आले. सासऱ्यांची सगळी नोकरी कंपनीत शिफ्ट करण्यात गेली, त्यामुळे त्या घराला स्वच्छ कपड्यांचं आणि वेळेवरच्या जेवणाचं भारी कौतुक. सासूबाई वाढता वाढता थांबल्या आणि त्यांनी माझा हात धरून उलटा केला. बोटांची टोकं पांढरी, कोरडी आणि काचेसारखी गुळगुळीत झाली होती. "असले हात घेऊन जाणार तू अमेरिकेत?" त्या म्हणाल्या. जोह्याला यायचं आमंत्रण मी त्यांना दरवेळी द्यायचे आणि त्या दरवेळी गुडघ्याचं कारण काढायच्या. मातीतलं काम म्हणून त्यांना आमचा कारखाना जरा खालचा वाटायचा, हे मला साखरपुड्यापासून माहीत होतं. मीही त्यावरून मनात अढी धरली होती, उगाच कशाला लपवू?

पण टेम्पो भरायच्या दिवशी त्या आल्या. इस्त्रीची साडी नेसून, नाकाला पदर लावून. बाबांनी खुर्ची दिली, ती नको म्हणाल्या. मूर्तींच्या रांगेपुढून हळूहळू चालत गेल्या, एकीपुढे थांबल्या, डावीकडे सरकल्या, मग उजवीकडे. "हा माझ्याकडंच बघतोय," त्या म्हणाल्या. पदर नाकावरून कधी खाली आला ते त्यांना कळलंही नसावं.

"आखलेत कुणी?"

बाबा म्हणाले, "तुमच्या सुनंनी."

परत जाताना त्या मला म्हणाल्या, "नीट जा गो. पोचल्यावर फोन कर. लगेच कर."

आणि मग तो अमेरिकेतला विमानतळ. खिडकीतल्या माणसाने परवाना पाहिला, पासपोर्ट पाहिला, उजव्या हाताची बोटं काचेवर ठेवायला सांगितली. मशीनने लाल दिवा लावला. परत ठेवा. परत लाल. डावा हात ठेवा. तोही लाल. त्याने माझ्याकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं आणि मला आतल्या खोलीकडे पाठवलं. अर्ज करताना माझे दहाही बोटांचे ठसे घेतले होते, त्या ठशांशी आज जुळायला हवं होतं. आणि ते ठसे तर मी जोह्यात गणपतीच्या गालांवर घासून आले होते.

तिथल्या बाकावर बसून मी मनातल्या मनात सासूबाईंचं फोनवरचं सगळं भाषण पहिल्यापासून ऐकलं. भिंतीपलीकडे नवरा उभा होता. तो वाट बघत असणार, घड्याळ बघत असणार, आणि मला कदाचित इथूनच परत धाडतील. मी घाबरले.

आतल्या टेबलामागे एक अधिकारी बाई होती. तिने विचारलं, बोटांना काय झालं? मी सांगितलं, माझ्या वडिलांकडे देवाच्या मूर्ती बनतात, मी त्यांचे चेहरे घासले. तिने फोटो बघायला मागितला. मी मोबाईलवर तयार मालाची रांग दाखवली. तिचा चेहरा काही हलला नाही. मी म्हटलं, एक मिनिट द्या मला. आमच्याकडे हंगामात रेशनच्या दुकानात हीच रड असते, कारखान्यातल्या बायकांचे अंगठे मशीनला उमटतच नाहीत, मग दुकानदार सांगतो, कपाळावरनं फिरव, जरा तेल लागू दे. मी तिच्यासमोर दहाही बोटं कपाळावरून आणि नाकाच्या कडांवरून फिरवली. मी प्रार्थना करतेय असं वाटून ती बिचारी अदबीने गप्प बसली.

मग एकेक बोट काचेवर. दाबून, जरा तिरकं करून, परत कपाळ, परत काच. एकेक हिरवा दिवा लागत गेला. उजव्या हाताची तर्जनी शेवटपर्यंत रुसली, कारण पेपर गुंडाळायचं बोट तेच. बाकीच्यांवर त्या अधिकारी बाईचं समाधान झालं.

शिक्का उचलता उचलता तिने विचारलं, "अर्ज चालू असताना जायलाच हवं होतं का?"

वकीलबाईंनी याचं लांबलचक उत्तर माझ्याकडून घोकून घेतलं होतं. आजारपण, कर्तव्य, एकुलती एक मुलगी वगैरे. त्यातलं काही माझ्या तोंडातून निघालं नाही. "हो," मी म्हटलं. माझी मान ताठ होती आणि आवाजही. भीती कुठे गेली होती कोण जाणे. तिने शिक्का मारला.

नवऱ्याने गाडीतच रोह्याला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. मी सगळी हकीकत सांगितली. अर्जाचं काही कळलेलं नाही, तो अजून तसाच पडून आहे, हेही सांगितलं. सासूबाई ओरडायला लागतील म्हणून मोबाईल कानापासून थोडा लांबच धरला होता.

"पुढल्या साली असं करू," त्या म्हणाल्या. "मी येते जोह्याला. घासायचं काम माझ्याकडं. तू नुसते डोळे आख."

मी म्हटलं, "नाय चालत, आई. ज्याने आखायचे त्यानेच चेहरा घासायचा. बाबांचा नियम हाय."

त्यांनी विचार केला.

"मग तूच घास," त्या म्हणाल्या. "ठशांचं काय ते विमानतळवाले बघतील."