स्वतःच्या हातची कोंबडी

आता कसं सांगायचं हे तुम्हाला! अब्रू गेली ती गेलीच. पण तुम्ही चहा पाजलात, म्हणून सांगतो. मध्ये कुणी हसायचं नाही. हसायचं ते शेवटी.

माझं शिक्षण चौथी. तीस वर्षं कारखान्यात लेथ चालवलं, कुणाच्या बापाचं ऐकून घेतलं नाही. मुलगा कॉम्प्युटरमध्ये गेला. त्यानं पुण्याजवळ मांजरी गावात घर घेतलं, मागं चार पावलांचं अंगण. तो रात्रभर अमेरिकेशी बोलतो आणि दिवसा झोपतो. सून कोथरूडची. तिचे वडील, म्हणजे आमचे व्याही, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. माणूस हळू बोलतो, पण बोललेलं आठवडाभर ठणकतं.

एका रविवारी त्यांच्याकडं जेवायला होतो. विहीणबाईंनी हौसेनं चिकन केलं होतं. सगळे गप्प खात होते. मीही गप्प खायला काय हरकत होती? नाही! मी फोड ताटाच्या कडेला सारली आणि म्हणालो, "हे चिकन नाही. कापूस आहे."

व्याह्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मग खरं चिकन कसं असतं?"

"स्वतः वाढवायचं, स्वतः कापायचं. आमच्या गावात दुकानाचं कुणी शिवत नाही."

"तुम्ही स्वतः कापता?"

"मग काय शेजाऱ्याला बोलावतो?"

"असं करा," व्याही म्हणाले, "आम्हाला जेवायला बोलवा. तुमच्या हातची कोंबडी मिळाली, तर आम्ही आजवर कापूस खाल्ला असं मी चारचौघांत कबूल करीन. नाही मिळाली, तर तुम्ही इथं वाढतील ते न बोलता खायचं. कायमचं."

"ठरलं!"

बायकोनं माझ्याकडं एकदाच पाहिलं. का पाहिलं, ते पुढं कळेल.

वटपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सायकलवरच्या पिल्लंवाल्याकडून सहा पिल्लं घेतली. तो म्हणाला, "दोन महिन्यांत तयार." मी बोटांवर दोन महिने मोजले, त्याजवळचा रविवार धरला आणि कोथरूडला फोन करून तारीख कळवली.

पलीकडं कॅलेंडरचं पान उलटल्याचा आवाज. मग व्याही म्हणाले, "येतो की. पण त्या दिवशी नारळी पौर्णिमा आहे. कोंबडी नारळीभाताबरोबर वाढणार का?"

श्रावण! पिल्लांचा हिशेब बरोबर होता हो, पण कॅलेंडर भिंतीवर आणि मी त्याच्याकडं पाठ करून बसलेलो. बायकोला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठं?"

बरं, श्रावण संपू दे. संपला, तर गणपती आले. सोसायटीचा मंडप आमच्या मागच्या भिंतीला लागून. तिकडं आरती आणि इकडं सुरी? मग पितृपंधरवडा. मग घट बसले. घरात माणसं उपास करतायत आणि अंगणात कोंबड्या खाऊन टम्म! दोन महिन्यांत ताटात यायच्या, त्या चार महिने नांदल्या.

दर रविवारी व्याह्यांचा फोन. "काय जगताप, वयात आल्या का? स्थळं बघायला घेऊ?"

त्यात सुनेनं सहातल्या एकुलत्या कोंबड्याचं नाव ठेवलं मॅनेजर. मी विचारलं, "हे काय नाव?"

"आबा, काम काही करत नाही. उंचावर चढून नुसता ओरडतो."

मुलगा पहाटे कामावरून येऊन आडवा झाला, की हा सुरू. मुलगा डोक्यावर उशी घेऊन म्हणायचा, "ऑफिसात हाच, घरीही हाच!"

दाणे मीच घालायचो. मागच्या दारात उभं राहून स्टीलच्या ताटावर चमचा वाजवायचा, ठण् ठण् ठण्. सहाच्या सहा धावत येत. माणसं इतकी ऐकत नाहीत.

दसरा झाला. पुढचा रविवार पक्का केला. सकाळी बायकोनं पिसं काढायला पाण्याचं पातेलं चुलीवर चढवलं. मी सुरीला धार लावून मागं गेलो. मॅनेजर आला आणि माझ्या पायावर बसला.

आता खरं ऐका. गावात आम्ही कोंबडी कधी कापलीच नाही. मुलाणी यायचा, तो कापायचा. ती रीतच होती. माझं काम पाय धरायचं, तेही तोंड फिरवून. हे जगात दोघांनाच ठाऊक, मुलाण्याला आणि बायकोला. मुलाणी गेला बिचारा.

बायको खिडकीतून म्हणाली, "पाय धरायला येऊ का?"

मी सुरी ठेवली. सहाही जणांना खुराड्यात घातलं. कडी नव्हतीच, म्हणून दाराला वीट लावली. काळी पिशवी घेतली आणि गेलो चिकनच्या दुकानात.

"चार किलो. लवकर."

दुकानदार बघतच राहिला. "काका, तुम्हीच ना? मी कापूस विकतो म्हणून गल्लीभर सांगत होतात?"

"तोंड कमी चालव, सुरी जास्त."

हे मी त्याला म्हणालो! मी!

घरी बायकोनं पिशवी घेतली, आत पाहिलं. "पिसं?"

"पुरली."

"बरं. मग तापलेल्या पाण्यानं आंघोळ करून घ्या."

दुपारी कोथरूडकर आले. जमिनीवर पाट मांडून पंगत बसवली, अगदी गावासारखी. व्याह्यांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. "जगताप, मानलं. ही चवच वेगळी."

विहीणबाई म्हणाल्या, "फरक आहे हो!"

आता तरी गप्प बसावं? छे! मी म्हणालो, "चार महिन्यांची राखण आहे ती. सकाळी या हातानं कापली."

"किती होत्या?"

"सहा."

"सगळ्या कापल्या?"

"एक ठेवली नाही! पाहुणे कोण आहेत!"

व्याह्यांनी हात जोडले. "हरलो. आम्ही आजवर कापूस खाल्ला."

अहो, काय सांगू! छाती अशी फुगली, की सदऱ्याची बटणं ताणली. त्या भरात चमचा उचलला, ताटावर जोरात वाजवला आणि स्वयंपाकघराकडं ओरडलो, "अगं, व्याह्यांना रस्सा आण!"

ठण् ठण् ठण्.

मागं वीट पडल्याचा आवाज आला.

पुढं मॅनेजर, मागं पाच जणी. पंगतीमधून रांगेत आल्या. मॅनेजर माझ्या ताटापाशी थांबला आणि मान वर करून माझ्याकडं बघत राहिला.

सुनेनं पदर तोंडात कोंबला. मुलगा छताकडं बघत होता. व्याह्यांनी बोट पुढं केलं आणि सावकाश मोजलं. एक, दोन, तीन… सहा.

मग त्यांनी शांतपणे ताटातली फोड उचलली आणि आमच्या बायकोकडं वळून म्हणाले, "विहीणबाई, कापूस छान शिजलाय हो."

चमचा अजून माझ्याच हातात होता.